नक्षी शाबूत, पण जन्म २०१८ चा

प्रश्न: मी कराडजवळच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमची २०१८ ची स्विफ्ट आहे, ४६ हजार किलोमीटर झाली. रोजचं येणं-जाणं २४ किलोमीटर, शिवाय वर्षातून चार-पाच वेळा कुंभार्ली घाटातून चिपळूणला माहेरी. गणपतीला तर जातोच, म्हणजे भर पावसात. पुढचे दोन टायर आतल्या कडेने गोटा झालेत, मागचे दोन अजून छान दिसतात. टायरवाला म्हणतो, पुढचे दोनच बदला, पण भारीतले, 'लाख किलोमीटर चालणारे' घ्या. दीर म्हणतात, थोडे रुंद टाका, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. मिस्टरांचे एक मित्र दीड हजाराला एक या भावाने 'नव्यासारखे' जुने टायर मिळवून देणार आहेत. माझं बजेट पंधरा-सोळा हजार. मागच्या टायरवर एका ओळीच्या शेवटी ३११८ असा आकडा आहे, त्याला काही अर्थ असतो का? आणि उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची असते, हे खरं का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ३११८. तिथूनच सुरुवात करू.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर बारीक अक्षर-आकड्यांची एक ओळ असते, बहुतेकदा 'डीओटी'ने सुरू होणारी. तिचे शेवटचे चार अंक हा टायरचा जन्मदाखला. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. तुमच्या टायरचा जन्म २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यातला, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीचा. तुमचं पत्र मे महिन्यातलं आहे. तेव्हा हे 'छान दिसणारे' मागचे टायर आता आठवं वर्ष पुरं करायला आले आहेत. पुढच्या दोघांवरही बघा, तेही याच्या आगेमागेच निघतील. कधी कधी ही ओळ आतल्या बाजूला गेलेली असते, मग गाडीखाली वाकून मोबाइलचा उजेड पाडावा लागतो.

रबर रस्त्यावर घासून झिजतं हे आपल्याला दिसतं. ते नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं, हे दिसत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते हळूहळू कडक होत जातं. कडक टायर कोरड्या रस्त्यावर काही तक्रार करत नाही. पहिला पाऊस पडला, रस्त्यावरचं तेल वर आलं आणि वळणावर ब्रेक दाबला, की मग तो खरा चेहरा दाखवतो. तुम्ही एक करा. मागच्या टायरच्या खाचांच्या तळाशी आणि बाजूच्या भिंतीवर, डिस्कच्या (ज्यावर टायर चढवतात त्या लोखंडी चाकाच्या) जवळ, नीट निरखून बघा. सुकलेल्या तळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या, तर नक्षी किती उरली आहे हे बघायचीही गरज नाही.

टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा असतो, की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कितीही बरा दिसला तरी काढून टाकावा. शाळेच्या पटांगणात दिवसभर उन्हात उभ्या असणाऱ्या गाडीसाठी मला ही दहाची मर्यादा जरा उदार वाटते. मी स्वतः सहा-सात वर्षांवर थांबतो.

आता तुमचाच हिशेब तुमच्यासमोर मांडतो. पावणेआठ वर्षांत ४६ हजार, म्हणजे वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर. टायरवाला सांगतोय तो लाख किलोमीटरचा टायर झिजवायला तुम्हाला जवळजवळ सतरा वर्षं लागतील. तोवर त्याचं रबर कधीच दगड झालेलं असेल. लांब पल्ल्याचे हे टायर खोटे नसतात. महिन्याला पाच-सहा हजार किलोमीटर मारणाऱ्या टॅक्सीवाल्याला ते परवडतात, त्याच्यासाठीच बनवलेले असतात. पण जास्त टिकण्यासाठी रबर जरा कडक ठेवावं लागतं आणि त्याची किंमत साधारणपणे ओल्या रस्त्यावरच्या पकडीतून वसूल होते. तुमचा टायर झिजून जाणार नाही, वयाने जाणार. मग न लागणाऱ्या आयुष्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे? दुकानात उलट विचारा: 'पावसात चांगली पकड असलेला कुठला? आयुष्य चाळीस हजार किलोमीटर असलं तरी चालेल.' दुकानदार क्षणभर गोंधळेल, कारण हा प्रश्न त्याला फारसा कुणी विचारत नाही.

म्हणून माझं मत: दोन भारी टायर घेण्यापेक्षा चार साधे, नवे टायर घ्या. तुमच्या मापाचा, बहुधा १६५/८० आर१४ (स्विफ्टच्या लोखंडी डिस्कवाल्या मॉडेलांना हेच येतं, तरी तुमच्या टायरवर वाचून खात्री करा), आपल्याकडच्या कंपनीचा साधा टायर साधारण साडेतीन ते चार हजारांच्या घरात मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा पूर्वी सगळं धरून चार हजारांना पडणारा टायर आता ३,७०० च्या आसपास यायला हवा. जुना दर सांगितला तर बिलात कराचा आकडा बघायला मागा. चार टायर, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग (चाकाचं वजन समतोल करणं) आणि अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) मिळून तुमच्या बजेटमध्ये किंवा थोडंसं वर जाईल. जुन्या टायरांचे काहीतरी वजा होतात, तेवढं घासाघीस करून घ्या.

'साधा' म्हणजे कुठला, हे विचाराल. एमआरएफ, सीएट, अपोलो, जेके यांचे खालच्या किंमतीतले टायर तुमच्या वापराला पुरेसे आहेत. ब्रिजस्टोन, गुडइयर, योकोहामा यांचेही या मापात मिळतात, थोडे महाग. या नावांमध्ये हा बरा की तो बरा, यावर लोक क्रिकेटसारखे भांडतात. मला त्यात पडायचं नाही, कारण तुमच्या गरजेला नावापेक्षा तारखेने जास्त फरक पडतो. गेल्या सहा महिन्यांत बनलेला साधा टायर घ्या, तीन वर्षं गोदामात पडलेला भारी टायर नको. दुकानदार टायर आणून ठेवेल तेव्हा डिस्कवर चढवण्याआधी चारही जन्मदाखले वाचा. चढवून झाल्यावर वाचून उपयोग नाही, तेव्हा तो 'आता काय ताई, बसवला ना' म्हणतो.

स्वस्त असला तरी नव्या टायरला एक किमान परीक्षा द्यावी लागते, ही गेल्या काही वर्षांतली चांगली गोष्ट. आयएसआय चिन्ह तर सक्तीचं आहेच. शिवाय एआयएस-१४२ या मानकाने ओल्या रस्त्यावरची पकड, चाक फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांच्या मर्यादा घातल्या. नव्या डिझाइनच्या टायरांना हे १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झालं, आधीपासून बाजारात असलेल्यांना २०२३ मध्ये. म्हणजे आजचा स्वस्त टायर निदान ओल्या रस्त्याच्या पेपरात काठावर तरी पास झालेला असतो. कुणी 'बाहेरचा माल, अर्ध्या किंमतीत' म्हणून पुढे करू लागला, तर हेही लक्षात ठेवा की जून २०२० पासून टायरच्या आयातीवर सरकारने निर्बंध घातले आहेत. तेव्हा अशा मालाची तारीख दोनदा वाचा.

टायरवर मापाशेजारी ८५टी असं काहीतरी दिसेल. ८५ म्हणजे एक टायर ५१५ किलो भार पेलतो, टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा. तुमच्या जुन्या टायरवर जे आहे तेवढं किंवा त्याहून जास्त असावं, कमी नको. बस, यापलीकडे त्या आकड्यांत डोकं घालू नका.

आता दीड हजाराचे 'नव्यासारखे'. इथे मी जरा कडवट होणार, कारण मी हे करून बसलो आहे. माझ्या पहिल्या गाडीला मी असेच दोन टायर घेतले होते. काळेभोर, चकचकीत, नक्षी खोल. पहिल्या जोरदार पावसात खंबाटकीच्या उतारावर गाडी साबणावर ठेवल्यासारखी सरकली. पुढे काही नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. नंतर एका जाणत्या पंक्चरवाल्याने दाखवलं, की गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कोरल्या होत्या आणि वरून काळं पॉलिश मारलं होतं. ट्रकच्या काही टायरांत अशा कोरीव कामासाठी रबराचा जादा थर मुळातच ठेवलेला असतो. कारच्या टायरात तो नसतो, तिथे कोरणारा थेट आतल्या धाग्यांच्या आणि तारांच्या जवळ पोचतो. आणि खोटं कोरीवकाम नसलं, तरी जुना टायर पंक्चर होऊन किती अंतर तसाच पळाला, कुठल्या खड्ड्यात आपटला, हे बाहेरून कळत नाही. मित्रांना चहा पाजा, टायर घेऊ नका. तुमचे जुने टायर दुकानात सोडून येताना त्यांच्या बाजूच्या भिंतीवर सुरीने एक-एक चीर पाडायला सांगा, म्हणजे ते उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीखाली 'नव्यासारखे' होऊन जाणार नाहीत. त्यापायी दोन-चारशे कमी मिळतील, मिळू देत.

दिरांच्या रुंद टायरबद्दल: कोरड्या रस्त्यावर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंद टायरपेक्षा आधी तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. वर मायलेज थोडं उतरतं आणि टायरमागे सहज हजारभर रुपये जास्त जातात. मापाची उंची बदलली तर स्पीडोमीटरही खोटं बोलू लागतं. १६५/८० आर१४ ची उंची सुमारे ६२० मिलिमीटर येते, १८५/६५ आर१४ ची ५९६. मूळ मापच घ्या.

पण टायर घेण्याआधी ते पुढचे दोन आतल्या कडेनेच का गेले, हे शोधा, नाहीतर नवे टायरही वर्ष-दीड वर्षात तसेच होतील. टायर कसा झिजतो त्यावरून गाडीचं दुखणं ओळखता येतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कायम कमी होती. मधला पट्टा झिजला तर जास्त होती. एकच कड गेली तर चाकांची दिशा किंवा कल चुकलाय. हाताने चाचपून जागोजागी वाट्यांसारखे खळगे लागले तर शॉकअब्सॉर्बरकडे बघा. तुमचं तिसऱ्या प्रकारात बसतं. अलाइनमेंटला जाण्याआधी मेकॅनिककडून लोअर आर्मचे बुश आणि स्टिअरिंगचे टाय रॉड एंड (पुढची चाकं जागच्या जागी धरणारे सांधे) हलवून बघून घ्या. ते ढिले असतील तर अलाइनमेंट केलेली आठवडाभरही टिकत नाही.

अलाइनमेंटवाल्याकडे आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील कागद मागा. तुमच्या गाडीत पुढच्या चाकांचा 'टो', म्हणजे दिशा, जुळवता येतो. 'कॅम्बर', म्हणजे चाकाचा कल, जुळवायची सोय कंपनीने ठेवलेली नाही. तरी काही ठिकाणी 'कॅम्बर आउट आहे, काढून देतो' म्हणतात, जादा पैसे घेतात आणि लांब लोखंडी हत्याराने चाकामागच्या भागाला पीळ देऊन मशीनवरचा आकडा हिरवा करून दाखवतात. सरळ नाही म्हणा. कॅम्बर खरोखर चुकला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, आणि तो भाग बदलणं हाच उपाय.

समजा मेकॅनिककडेच तीन-चार हजार गेले आणि यंदा दोनच टायर परवडले. तर नवे दोन मागे लावा आणि मागचे, भेगा नसतील तरच, पुढे आणा. टायरवाला याच्या बरोबर उलट सांगेल, कारण इंजिन पुढची चाकं ओढतं आणि पुढचेच टायर लवकर झिजतात. पण ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ बघते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बहुतेकदा सावरते. मागची चाकं सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते. कुंभार्लीच्या वळणावर ती सावरायला रेसचा ड्रायव्हर लागतो. जास्त पकडीची जोडी म्हणूनच मागे हवी.

आता हवा. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, हे खरं नाही. नुसतं खरं नाही असं नव्हे, उलट आहे. लोकांचा तर्क असा, की उन्हाने हवा फुगते आणि टायर फुटतो. हवा फुगते हे बरोबर. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआयने (हवेच्या काट्यावरचा एक आकडा) वाढतो, आणि टायर बनवणाऱ्याने ते गृहीत धरलेलं असतं. टायर फाटतो तो बहुतेक वेळा आतून तापून. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला बाजूची भिंत वाकते आणि सरळ होते, मिनिटाला शेकडो वेळा. तार वाकवून वाकवून तोडताना ती गरम होते ना, तसंच. मे महिन्यात दुपारी, चार माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन महामार्गावर शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत हवा कमी असणं, यासारखा टायरचा दुसरा शत्रू नाही.

किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे. कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतील तर चिपळूणला निघताना मोठा आकडा धरा. टायरवर छापलेला कमाल दाब हा तुमचा आकडा नव्हे. आणि 'सगळ्यांना पस्तीस मारतो' म्हणणाऱ्या पोऱ्याचाही नव्हे. हवा थंड टायरमध्ये मोजायची, सकाळी, गाडी फार तर दोन-एक किलोमीटर चाललेली असताना. तापलेल्या टायरात आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडून देऊ नका, रात्री ती कमी पडेल.

शाबूत टायरचीही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जाते. म्हणून महिन्यातून एकदा तपासा, पगाराच्या दिवसाला जोडून टाका म्हणजे विसरणार नाही. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळायलाच हवी, पण तिथले काटे किती खरे सांगतात हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग. दोन-तीनशे रुपयांचा स्वतःचा गेज घेऊन ठेवा, किंवा थोडे पैसे उरले तर गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप. नायट्रोजनचा आग्रह झाला तर हसून सोडून द्या. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा, त्यावर साधी हवा भरली तरी काही बिघडत नाही.

तुमच्या कामाची एक खास गोष्ट: उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी महिनाभर एकाच जागी उभी राहते ना? तिला आठवड्यातून एकदा गावातून फिरवून आणा, निदान एक हात पुढे सरकवा. आणि शाळेत झाड असेल तर त्याखाली लावा, पाखरांनी टप घाण केला तरी.

नक्षी मोजायला कंपासपेटीतली पट्टी पुरते. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते. खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं आणि टायर कायद्यानेही बाद. कोकणात पावसात जाणाऱ्याने मात्र तीनवर आल्यावरच बदलावा. चाकांची अदलाबदल वर्षातून एकदा, सर्व्हिसिंगच्या वेळी: पुढची सरळ मागे, मागची फुलीसारखी उलटसुलट पुढे. तुमच्या किलोमीटरांना एवढं बास. बाजूच्या भिंतीवर फुगा आला तर मात्र टायर तिथेच संपला, आणि त्या भिंतीतलं पंक्चर कुणी काढून देतो म्हणाला तरी काढून घेऊ नका.

नव्या टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून चालवा, साच्यातून काढताना लावलेला गुळगुळीतपणा तेवढ्यात जातो. म्हणजेच टायर बदलायचे ते गणपतीच्या आदल्या दिवशी नको, जूनमध्येच.

राहिली स्टेपनी. तीही बहुधा २०१८ चीच असेल आणि एकदाही रस्त्यावर उतरलेली नसेल. तिची नक्षी कोरी, पण वय तेच. अडल्यावेळी जवळच्या दुकानापर्यंत हळू जायला ती ठेवा, नेहमीच्या चाकांत मात्र घेऊ नका. दुकानात गेलाच आहात तर तिच्यातही हवा भरून घ्या. आणि शेवटचे नट मशीनने नाही, हाताच्या पान्याने आवळायला सांगा. मशीनने आवळलेले नट घाटात, पावसात, डिकीतल्या तेवढ्याशा पान्याने सुटत नाहीत. घरी आल्यावर सपाट जागी एकदा तो पाना लावून, एक नट ढिला करून पुन्हा आवळून बघा. तुमच्याच्याने सुटला पाहिजे, दिरांच्याने नव्हे.